शोभेच्या माशांच्या दुकानातील चुकीची नावे आणि कॅटफिशची ओळख : खर्डा व सीना-भीमा खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव १७९५ मधील मराठे व निजाम यांच्या लढाईमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र हा परिसर वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटावयास हवा. बालाघाटच्या डोंगररांगेमुळे या भागात दोन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांची सीमा आलेली आहे. जामखेड तालुक्यातील बहुतेक पाणी सीना नदीवाटे भीमेस व पुढे कृष्णेस मिळते. शेजारच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र पूर्वेकडे वळून गोदावरीस जाऊन मिळते. प्रदेश अवर्षणप्रवण असल्यामुळे विहिरी, पाझर तलाव आणि २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर वाढलेली शेततळी यांवर येथील शेती अवलंबून आहे. मासा आणून सोडता येईल असे पाणी त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वस्तीनजीक आढळते. घरातील काचपेटीत नकोसा झालेला मासा या पाण्यात जाऊन पडणे हा केवळ छंदाचा विषय राहत नाही, तो दोन खोऱ्यांचा विषय होतो.

अशा रीतीने सोडल्या जाणाऱ्या माशांत कॅटफिश या गटाचा वाटा लक्षणीय आहे. याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे हे मासे दुकानात ज्या नावाने विकले जातात ते नाव बहुधा त्यांचे नसते. नाव चुकीचे असले की मासा किती वाढणार, काय खाणार, त्याला गोडे पाणी मानवते की मचूळ, आणि त्याच्या विक्रीस परवानगी आहे की नाही, ही सर्वच माहिती ग्राहकापासून लपते. दुकानात घेतलेल्या कॅटफिशची खरी ओळख साध्या साधनांनी कशी पटविता येते, ही ओळख कोठे अपुरी पडते आणि ती न पटविल्याने काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी विश्वकोशाच्या प्रथेप्रमाणे येथे ‘जाती’ हा शब्द सर्वांत लहान एककासाठी व ‘प्रजाती’ हा त्याच्या वरच्या गटासाठी वापरला आहे. वर्तमानपत्रे हे दोन्ही शब्द हवे तसे वापरतात, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होणे शक्य आहे.

दुकानातील नाव कसे घडते

कॅटफिश म्हणजे सिल्युरिफॉर्मीस या गणातील मासे. त्यांना खवले नसतात, तोंडाभोवती मिशा असतात आणि बहुतेकांच्या पाठीवरील व छातीवरील परांत मजबूत काटा असतो. काहींच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांची पट्टे असतात. या गणात जगभरात सुमारे ४,००० जाती आहेत. इतक्या मोठ्या गटातील मासा चेन्नईच्या कोळत्तूर भागातील पैदासकेंद्रांतून किंवा कोलकात्याहून निघतो, मुंबईतील कुर्ल्याच्या घाऊक बाजारात येतो, तेथून पुणे, नगर अशा टप्प्यांनी लहान गावांपर्यंत पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर पिशवीतील मासे बदलतात आणि नावही थोडे बदलते. शेवटच्या विक्रेत्याकडे उरते ते ‘शार्क’, ‘सकर’, ‘टायगर’, ‘व्हाइट’ असे एकशब्दी नाव.

विक्रेता जाणूनबुजून फसवितो असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला जे नाव सांगितले गेले तेच तो पुढे सांगतो. त्याखेरीज कॅटफिशची पिले एक-दोन इंचांची असताना विकली जातात. त्या वयात रंग, पट्टे व शरीराची ठेवण प्रौढ माशापेक्षा पुष्कळच भिन्न असते. शिवाय पांढऱ्या, म्हणजे रंगद्रव्यहीन, वाणांना बाजारात मागणी आहे. पांगस, मागूर, सकर या तिन्हींचे पांढरे वाण मिळतात. ज्या ठिपक्यांवरून व पट्ट्यांवरून ओळख पटावयाची तेच या वाणांत नाहीसे झालेले असतात. म्हणून रंगावर विसंबणे टाळावे. मिशांच्या जोड्या मोजाव्यात, परांतील आधारकाड्या मोजाव्यात आणि पाठीवरील पराची लांबी पाहावी, हा क्रम अधिक विश्वसनीय ठरतो.

हे निरीक्षण करण्यासाठी मासा हातात धरण्याची गरज नाही. अरुंद, सपाट बाजूंच्या पारदर्शक डब्यात त्याच पेटीतील पाणी घेऊन त्यात मासा ठेवावा, मागे पांढरा कागद व खाली मोजपट्टी लावावी आणि बाजूने व खालून छायाचित्रे घ्यावीत. पर पूर्ण उघडलेला असेल असे एक जरी छायाचित्र मिळाले तरी काड्या पडद्यावर मोठ्या करून मोजता येतात. मासा पुन्हा पेटीत सोडण्यास पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लावू नये. ओळख पटलेली नसताना मासा उघड्या हाताने पकडणे धोक्याचेही आहे. आपल्याकडील शिंगी किंवा बिंगी या माशाच्या छातीवरील काट्यात विष असते व त्याच्या दंशाने तीव्र वेदना होतात.

‘शार्क’ नावाखालील तीन वेगळे मासे

रुपेरी अंग, गडद रंगाचे आडवे पट्टे आणि पाठीवर उभा त्रिकोणी पर असलेले एक पिलू ‘शार्क’ म्हणून सर्वत्र विकले जाते. त्याचा शार्कशी काडीचाही संबंध नाही. हा पांगॅसियानोडॉन हायपोफ्थॅल्मस, म्हणजे मत्स्यशेतीतील पांगस होय. सोव्हाज या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली त्याचे वर्णन केले. त्याचे मूळ स्थान मेकाँग व चाओ फ्राया या नद्यांची खोरी हे आहे. थायलंडमधून बांगलादेशमार्गे तो १९९५-९६ च्या सुमारास पश्चिम बंगालमध्ये आला आणि तेथून देशभर पसरला. त्याची कमाल नोंदलेली लांबी १.३ मीटर व वजन ४४ किलोग्रॅम आहे. दोन फुटी काचपेटीत हा मासा ठेवणे म्हणजे बैल कोंबडीच्या खुराड्यात कोंडण्यासारखे आहे. मेकाँगमध्ये थव्याने लांब अंतर कापणारा हा मासा काचेवर वारंवार आदळतो, नाकाड सोलवटून घेतो, आणि ग्राहक समजतो की मासा चपळ आहे.

भारतीय नद्यांतही पांगस आहे. हॅमिल्टनने १८२२ साली वर्णिलेला पांगॅसियस पांगॅसियस हा तो मासा. या दोघांतील फरक पोटाखालील परांच्या जोडीत आहे. देशी पांगसाच्या प्रत्येक श्रोणिपरात ६ काड्या असतात, तर विदेशी पांगसात ८ किंवा ९. मासा इंच-दोन इंचांचा असतानाही हा आकडा बदलत नाही. खालून घेतलेल्या एका स्पष्ट छायाचित्रावरून निर्णय होतो. दोघांनाही मिशांच्या दोनच जोड्या असतात, त्यामुळे केवळ मिशा मोजून येथे भागत नाही.

याच माशाची कथा स्वयंपाकघरापर्यंत जाते. शहरांतील हॉटेलांत व गोठविलेल्या मालाच्या दुकानांत ‘बासा’ म्हणून मिळणारे पांढरे बिनकाट्याचे तुकडे बहुतांशी याच माशाचे असतात. खरा बासा म्हणजे पांगॅसियस बोकुर्टी; त्याच्या श्रोणिपरात देशी पांगसाप्रमाणेच ६ काड्या असतात, परंतु तुकडे केल्यावर पर उरत नाहीत व पुरावाही उरत नाही. अमेरिकेत तर या नावावरून व्यापारयुद्ध झाले आणि २००२ च्या कायद्याने ‘कॅटफिश’ हे नाव अमेरिकन कुळातील माशांपुरते राखून ठेवण्यात आले. नावात अर्थकारण किती दडलेले असते याचे हे उत्तम उदाहरण आहे.

‘शार्क’ नावाने येणारा दुसरा मासा कोलंबियन शार्क, म्हणजे अॅरिऑप्सिस सीमॅनी. अंग रुपेरी, पर काळे व त्यांची टोके पांढरी, मिशांच्या तीन जोड्या. हा मध्य अमेरिका व उत्तर-दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील खाड्यांचा मासा आहे. पिले गोड्या पाण्यात काही काळ तग धरतात, परंतु वाढत्या वयात त्यांना मचूळ व नंतर खारे पाणी लागते. दुकानातील पाटीवर हे कधी लिहिलेले नसते. काही महिन्यांनी मासा खंगून मरतो व दोष खाद्याला दिला जातो. तिसरा ‘बाला शार्क’ हा तर कॅटफिशही नाही. अंगावर स्पष्ट खवले आणि मिशांचा अभाव या दोन खुणांवरून तो रोहू-कटल्याच्या कुळातील आहे हे शालेय विद्यार्थ्यालाही सांगता येईल.

‘सकर’ : पाठीवरील पराच्या काड्या

काचेवरील शेवाळ खाणारा, पेटी स्वच्छ ठेवणारा म्हणून ‘सकर’ विकला जातो. जुन्या छंद-पुस्तकांतून त्याचे नाव हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस असे दिलेले असते व तेच अजूनही पाठ केले जाते. या नावाचा इतिहास मनोरंजक आहे. लिनीयसने १७५८ साली या माशाचा समावेश चक्क स्टर्जनच्या प्रजातीत केला होता, कारण दोघांच्याही अंगावर हाडांची पट्टे आणि तोंड खालच्या बाजूस. वर्गीकरणाचा जनकच जेथे फसला तेथे कुर्ल्याच्या व्यापाऱ्याला दोष कसा द्यावा?

आज बाजारात येणारे सकर जवळजवळ सर्व टेरिगॉप्लिक्थिस या वेगळ्या प्रजातीचे, पैदासकेंद्रांत वाढविलेले असतात. फरक पाहणे सोपे आहे. हायपोस्टोमसच्या पृष्ठपरात पुढील काट्यामागे साधारणतः ७ फांदीयुक्त काड्या असतात. टेरिगॉप्लिक्थिसमध्ये त्या ९ ते १४, बहुधा १० किंवा अधिक असतात, त्यामुळे पर शिडासारखा रुंद दिसतो. ज्याला खरोखर लहान राहणारा शेवाळभक्षी मासा हवा आहे त्याने अँसिस्ट्रस शोधावा. त्याच्याही पृष्ठपरात काट्यामागे ७ काड्या असतात, नाकाडाच्या कडेला हाडांची पट्टे नसतात आणि प्रौढ नराच्या तोंडावर मांसल झुपके उगवतात. त्याची वाढ १० ते १५ सेंटिमीटरच्या आसपास थांबते. टेरिगॉप्लिक्थिस मात्र ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. खरेदीच्या वेळी सात की दहा एवढे मोजले तरी पुढील दहा वर्षांचा प्रश्न सुटतो.

टेरिगॉप्लिक्थिसमध्ये जाती ठरविणे मात्र कठीण. पोटावरील ठिपके सुटे असल्यास पार्डालिस आणि ते एकमेकांस जोडून नागमोडी रेषा झाल्या असल्यास डिसजंक्टिव्हस, असा नियम दिला जातो. प्रत्यक्षात एकाच जाळ्यात सुटे, जुळलेले व अर्धवट जुळलेले असे सर्व नमुने मिळतात, कारण या जातींचा संकर होतो. अशा वेळी ओढूनताणून जातीचे नाव देण्यापेक्षा ‘टेरिगॉप्लिक्थिस, जाती अनिश्चित’ असे लिहिणे अधिक शास्त्रीय होय. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत प्रत्येक माशापुढे पूर्ण द्विनाम लिहिण्याचा आग्रह धरला जातो. तो सोडावयास हवा.

भीमेवरील उजनी जलाशयात गेल्या काही वर्षांपासून मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर सापडत आहे. केरळमधील तिरुवनंतपुरमचे नाले आणि कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भेऱ्या येथेही त्याच्या नोंदी आहेत. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, खाण्यास येथे मागणी नसलेला आणि नदीवाटे येथवर येणे अशक्य असलेला. काचपेटीतून किंवा शोभेच्या माशांच्या पैदासकेंद्रातून सुटणे हाच त्याच्या येण्याचा मार्ग संभवतो. त्याचे काटे व खरखरीत पट्टे जाळ्यात अडकतात, सोडविताना जाळे फाटते. नर काठाच्या मातीत खोल बीळ करून अंडी राखतो, त्यामुळे काठ ढासळतात. पाण्यातील प्राणवायू कमी झाला तरी तो हवा गिळून जगतो. मेक्सिकोतील बाल्सास नदीवरील इन्फिएर्निओ धरणात याच कुळातील माशांनी चिलापीच्या मोठ्या मासेमारीस हादरा दिला. उजनीच्या मच्छीमारांचा संसारही चिलापीवरच चालतो. चिलापी हा स्वतः आफ्रिकेतून आलेला मासा आहे आणि त्याने स्थानिक माशांची जागा घेतली, हे येथे विसरता येत नाही. एका परक्याने बसविलेली घडी दुसरा परका विस्कटतो आहे.

मागूर : जेथे काड्या मोजून भागत नाही

मिशांच्या चार जोड्या, सापासारखे लांबट अंग, पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत गेलेला एकच लांब पर : एवढ्यावरून मासा मागूर गटातील आहे हे निश्चित होते. (शिंगीलाही मिशांच्या चार जोड्या असतात, परंतु तिच्या पाठीवरील पर अगदी लहान असतो.) मागूरची पिले, विशेषतः पांढरी, शोभेचा मासा म्हणून विकली जातात, आणि मोठे मासे ‘देशी मागूर’ म्हणून खाण्यासाठी. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच : हा देशी मागूर आहे की आफ्रिकन?

देशी मागूरचे नाव पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत क्लॅरिअस बॅट्रॅकस असे दिले गेले. इंग व कोट्टेलाट यांनी २००८ साली दाखवून दिले की ते नाव जावा बेटावरील माशाचे असून आपल्याकडील मासा म्हणजे हॅमिल्टनने १८२२ साली बंगालमधील बोलीनाव उचलून नोंदविलेला क्लॅरिअस मागूर होय. म्हणजे येथे मच्छीमाराचे नाव बरोबर होते आणि ग्रंथांतील नाव चुकले होते. आफ्रिकन मागूर म्हणजे क्लॅरिअस गॅरीपिनस. तो १.७ मीटर व ६० किलोग्रॅमपर्यंत वाढल्याची नोंद आहे, अत्यंत खादाड आहे आणि भारतात त्याच्या पालनास १९९७ पासून बंदी आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने या बंदीच्या अंमलबजावणीचे आदेश दिले व त्यानंतर महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभागाने साठे नष्ट करण्याची कारवाई केली.

पांगस व सकर यांना लागू पडलेली युक्ती येथे निरुपयोगी ठरते, कारण दोन्ही मागूरांच्या परांतील काड्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. दोघांतही पृष्ठपरात साठच्या वर काड्या असतात. त्याऐवजी तीन खुणा पाहाव्यात. आफ्रिकन मागूरच्या छातीवरील काट्याला केवळ बाहेरच्या कडेस दाते असतात. देशी मागूरच्या काट्याची आतली कडही दंतुर असते. बहुतेक आफ्रिकन माशांत डोक्याच्या खालच्या बाजूस दोन्हीकडे एकेक गडद उभा पट्टा दिसतो. आणि कल्ल्याच्या पहिल्या कमानीवरील कंगव्यासारखे दाते आफ्रिकन जातीत अधिक लांब व दाट असतात. त्यांची संख्या २४ पासून शंभराच्या वर जाऊ शकते व ती माशाच्या आकारासोबत वाढते. ही शेवटची खूण मेलेल्या माशात, झाकण उचलून पाहण्याची आहे. मोठ्या आफ्रिकन मागूरच्या डोक्याची कवटी खरखरीत, दाणेदार लागते, परंतु पिलांत ती गुळगुळीतच असते. दोन इंचांच्या पांढऱ्या पिलात यांपैकी फारच थोडे दिसते, आणि नेमके तेच पिलू दुकानात असते. अशा पिलाची खरेदी टाळणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

थायलंडमध्ये आफ्रिकन मागूर व तेथील क्लॅरिअस मॅक्रोसेफॅलस यांचा संकर मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. संकराच्या बाबतीत वरील खुणा आणखी डळमळीत होतात.

नाव चुकण्याची जुनी परंपरा

चुकीचे नाव हा केवळ दुकानाचा दोष नाही, हे आणखी दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ज्याच्या अंगातून मागचे अक्षर वाचता येते तो ग्लास कॅटफिश दीर्घकाळ जगभर क्रिप्टॉप्टेरस बायसिऱ्हिस म्हणून विकला व वर्णिला गेला. कोट्यवधींच्या संख्येने विकल्या गेलेल्या या माशाला स्वतःचे शास्त्रीय नावच नव्हते. २०१३ साली इंग व कोट्टेलाट यांनी त्यास क्रिप्टॉप्टेरस व्हिट्रिओलस असे नाव दिले. खरा बायसिऱ्हिस सुमारे दुप्पट मोठा असतो व बाजारात क्वचितच येतो.

दुसरे उदाहरण घरचे आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनी नवीन जातींना ग्रीक-लॅटिन नावे देण्याऐवजी नदीकाठच्या लोकांकडून ऐकलेली मराठी नावे दिली : शिंगाळ्यावरून सीनघाला, शिंगटीवरून सीनगटी, कटर्णीवरून कुटुर्नी. आज स्पेराटा सीनघाला, मिस्टस सीनगटी व रिटा कुटुर्नी ही नावे जगभर मान्य आहेत. मात्र शिंगटी मध्यंतरी हरवली होती. ती उत्तरेकडील मिस्टस कॅव्हॅसिअसच होय असे मानून तिचे नाव रद्द धरण्यात आले, आणि असंख्य प्रबंधांत भीमेची शिंगटी कॅव्हॅसिअस म्हणून नोंदविली गेली. चक्रवर्ती व इंग यांनी २००५ साली नमुन्यांची पुन्हा तपासणी करून सीनगटी ही स्वतंत्र जाती असल्याचे दाखविले. सीना व भीमा खोऱ्यातील माशांच्या जुन्या याद्या वाचताना ही दुरुस्ती मनाशी बाळगावी लागते.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मच्छीमाराचे नाव रोजच्या हाताळणीतून आलेले असते. तो शिंगटी व शिंगाळा यांत गल्लत करीत नाही, कारण दोघांचा भाव व काटा वेगळा. दुकानातील नाव हाताळणीतून येत नाही, ते मागणीतून येते. ‘शार्क’ म्हटले की मूल हट्ट धरते. पाकूला ‘रूपचंद’ म्हणण्यामागेही हेच तंत्र आहे.

डीएनए तपासणी आणि तिची मर्यादा

बाह्य खुणा अपुऱ्या ठरल्यास डीएनए बारकोडिंगचा आधार घेता येतो. हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सुचविलेल्या या पद्धतीत पेशीतील तंतुकणिकेच्या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून तो संग्रहित नोंदींशी ताडला जातो. हॉटेलातील तुकडा बासाचा की पांगसाचा, हे यावरून निःसंशय कळते. परंतु तंतुकणिकेतील जनुके केवळ आईकडून येतात. देशी मादी व आफ्रिकन नर यांचा संकर झाल्यास बारकोड ‘देशी’ असेच सांगेल. शोभेच्या माशांत सायनोडोंटिस प्रजातीचे संकर असेच फसवे असतात. उलटा पोहणारा, जेमतेम १० सेंटिमीटर वाढणारा निग्रिव्हेंट्रिस म्हणून ते विकले जातात आणि पुढे त्याच्या दुप्पट-तिप्पट होतात. खऱ्या निग्रिव्हेंट्रिसचे पोट पाठीपेक्षा गडद असते, कारण उलटे पोहताना पोटच वर येते. ही खूण बारकोडपेक्षा स्वस्त व तितकीच उपयुक्त आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मेलेला मासा मिळाल्यास प्रथम त्याच्या पराचा लहान तुकडा कापून तो ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा व नंतरच उरलेला मासा १० टक्के फॉर्मलिनमध्ये घालावा. संपूर्ण मासा फॉर्मलिनमध्ये बुडविण्याची आपली जुनी सवय डीएनए तपासणीचा मार्ग बंद करते. संशयास्पद नमुना पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राकडे नेताना पकडल्याचे ठिकाण, तारीख व ताज्या अवस्थेतील छायाचित्र सोबत असावे.

नको झालेला मासा

ओळख पटल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. ‘शार्क’ म्हणून आणलेला पांगस फूटभर झाला, सकरने पेटी घाण केली. आता करावयाचे काय? मारण्यास मन धजत नाही, म्हणून विहिरीत किंवा पाझर तलावात सोडणे पुण्याचे मानले जाते. डासांसाठी गप्पी मासे पाण्यात सोडण्याची शासकीय प्रथा लोकांच्या परिचयाची असल्याने विहिरीत मासा सोडणे चांगलेच, अशीही समजूत रुजलेली आहे. विहिरीतील मासा विहिरीतच राहील हे गृहीत धरणे मात्र चुकीचे. पावसाळ्यात शेततळे व तलाव सांडव्यावरून ओढ्यास मिळतात, ओढा सीनेला, आणि सीना सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडल येथे भीमेला. उजनीतील सकर धरणाच्या खाली उतरला तर तोही याच संगमापाशी येतो. बालाघाटच्या पलीकडे सोडलेला मासा मांजरेत जाईल. मागूर तर दमट रात्री पाण्याबाहेर सरपटत काही अंतर पार करू शकतो.

केवळ बंदीने हा प्रश्न सुटत नाही, याचा अनुभव अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने घेतलेला आहे. शोभेचा मासा म्हणून १९६० च्या दशकात थायलंडहून तेथे आणलेला मागूर बाळगण्यास राज्याने बंदी घातली, तेव्हा १९६७-६८ च्या सुमारास टँपा परिसरातील काही पैदासकारांनी आपले मासे उघड्या पाण्यात सोडून दिले, असे मानले जाते. शिक्षेच्या भयाने मासा दडविला जातो किंवा सोडला जातो. त्यामुळे नको असलेला मासा विनाचौकशी परत घेणारे दुकान ही बंदीइतकीच गरजेची गोष्ट आहे. घाऊक व्यापाऱ्याला मोठा पांगस वा सकर परत घेणे तोट्याचे नाही. मोठ्या पेट्या असलेली हॉटेले व उद्याने तो घेतात. विक्रीच्या पाटीवर शास्त्रीय नाव, पूर्ण वाढीची लांबी आणि पाण्याचा प्रकार हे तीन तपशील मराठीत लिहिण्यास एका पाटीमागे दोन मिनिटेही लागत नाहीत. ‘शार्क’ या शब्दाखाली ‘पांगस, पूर्ण वाढ चार फूट’ असे वाचल्यावर दोन फुटी काचपेटी घेऊन आलेला ग्राहक बहुधा दुसऱ्या माशाकडे वळेल.